शिंदीचा वास

उदगीरच्या जीपस्टँडवरची ती दुपार नोकरीबरोबर मागे टाकता आली नाही.

पोलीस ठाण्यात फोन आला होता, एक ड्रायव्हर पिऊन देगलूरची जीप भरतोय. हवालदाराला घेऊन मी पोहोचलो. चाळिशीचा माणूस, पाय लटपटत होते. श्वास तपासायच्या यंत्राचं चार्जिंग संपलेलं. मग आमची जुनी पद्धत, तोंडाचा वास घ्यायचा. गोडसर, आंबूस वास आला. तेलंगणाच्या सीमेवर शिंदी, म्हणजे ताडीसारखी झाडाची दारू, प्यालेल्यांच्या केसेस रोजच्याच. मी तिथेच निकाल लावला आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली.

"साहेब, मी थेंबाला शिवत न्हाई," तो म्हणाला. "ह्या लोकांना तेवढं सांगा. माझ्या गाडीत बायालेकरं बसतात."

ठाण्यात तासभर विचारपूस केली. किती घेतली, कुठे घेतली? त्याचं एकच, "पाणी द्या." दोन तांबे पाणी प्याला, तीनदा लघवीला गेला.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आमची माय असंच करायची. शुगर निघाली तिला."

"तू कधी डॉक्टर झालास?" मी म्हणालो.

ड्रायव्हर बाकावरच कलंडला, तेव्हा कुठे तपासणीचं पत्र लिहून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्याच्या लघवीत एक पट्टी बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली. एक चौकोन गडद तपकिरी, दुसरा जांभळा.

"साखर भयंकर वाढलीये. लघवीत किटोन उतरलेत, तोंडाला वास त्याचाच येतोय. आणखी बसवून ठेवला असता तर हातचा गेला असता."

त्याला लगेच लातूरला हलवलं. तो वाचला. रक्तातही दारू निघाली नाही. मी कागदोपत्री प्रकरण बंद केलं. स्टँडवर जाऊन चार शब्द सांगणं मात्र टाळलं. लाज वाटली, दुसरं कारण नाही.

काही वर्षांनी, मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मी त्या स्टँडवर गेलो. त्याचं नाव काढताच एक ड्रायव्हर हसला.

"तो शिंदीवाला व्हय? पाशिंजर बसंनात त्याच्या गाडीत. जीप इकून गेला हैदराबादकडं. पत्ता न्हाई कुणाकडं."

मी सगळं सांगितलं. ती पट्टी, तिचे रंग, माझी चूक. तिथल्या ड्रायव्हरांनी ऐकून घेतलं. मग तो हसलेला ड्रायव्हर म्हणाला, "त्यो हितं असताना सांगायचं होतं, साहेब."

पट्टीला मिनिटभर लागलं होतं. मला इतकी वर्षं लागली. चूक जिथे केली तिथेच, त्याच लोकांसमोर कबूल करायची असते, हे मी उशिरा शिकलो. अजून वाटतं, तो कुठेतरी भेटावा. त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून, स्टँडवरच्या सगळ्यांना दिसेल असं देगलूरपर्यंत जावं.