अकरा मिनिटांचा मान

कारखान्यात त्याला सगळे थांबामास्तर म्हणायचे. भट्टीचा धूर ओढणारा पंखा माणसापेक्षा उंच. वीज गेली की तो आपल्याच वजनावर अकरा मिनिटं गरगरत राहायचा, आणि फिरत असताना मोटर चालू केली की काहीतरी तुटलंच म्हणून समजा. म्हणून मास्तर पंख्याच्या पत्र्याला तळहात लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "थांबा." थरथर पार विरली की मान हलवायचा. तोवर बटणाला हात लावायची साहेबांचीसुद्धा टाप नव्हती. बावीस वर्षं हा एवढाच काय तो त्याचा मान, आणि तो त्याने जिवापाड जपला होता.

त्या मानावर पाणी फिरवायला यावा कोण, तर कारखान्यात नव्यानेच लागलेला त्याचाच धाकटा साडू! साडूने पंख्याला मोटरचा वेग सांभाळणारा इन्व्हर्टर ड्राइव्ह बसवला. वीज तोडली, लगेच जोडली. ड्राइव्हने पंखा किती वेगाने फिरतोय ते चाचपलं, तिथूनच मोटर धरली आणि अलगद वर नेली. सगळं मिळून काही सेकंदांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मास्तर, आता थांबायचं नाही!" कुणीतरी ओरडलं. मास्तर हसला खरा, पण मनात नुसती आग पेटली होती.

घरी बायकोने त्या आगीत तेल ओतलं. "धाकटीचा नवरा भारीच हुशार निघाला हो!"

मास्तर जळत होता. उगाच दुसरं नाव कशाला द्या?

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब ड्राइव्ह बघायला येणार होते. साडूनेच मोठ्या आदराने शिकवलं होतं, "दादा, ही सेटिंग चालू असली तरच तो फिरती मोटर धरतो. बंद असली तर शून्यापासून सुरू करायला जातो आणि ट्रिप होऊन बंद पडतो." जेवणाच्या सुट्टीत मास्तरने नेमकी तीच बंद केली.

साहेबांसमोर साडूने वीज तोडून जोडली. ड्राइव्ह कण्हला, लाल दिवा लागला, मोटर बंद. पंख्याची ओढ मंदावली तसा धूर शेडमध्ये उतरला, माणसं खोकत दाराकडे पळाली. साडूचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरला क्षणभर बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

साडूने पडद्यावर सेटिंग वाचली आणि एकदाच मास्तरकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "चूक माझी, साहेब. सेटिंग बघायची राहिली. आता जोखीम नको, पंखा पूर्ण थांबल्यावरच चालू करू, आणि तो थांबला हे दादांइतकं कुणाला कळत नाही. ते सांगतील तेव्हाच बटण दाबेन."

सगळे मास्तरकडे बघू लागले. हवा होता तो मान असा ताटात वाढून समोर आला, आणि घास काही उतरेना. पोराने सगळं ओळखलं होतं, तरी झाकलं होतं. हुशारी एक वेळ सोसली असती. हा मोठेपणाही त्यालाच मिळावा, याचा मास्तरला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

त्याने पत्र्याला तळहात लावला. बऱ्याच वेळाने साडूने हळूच विचारलं, "दादा, थांबला का?"

पत्रा अजून थरथरतोय असंच वाटत होतं. मास्तरने हात काढून डोळ्यांसमोर धरला. थरथर हातातच होती.

"मला नाही सांगता येत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि साहेब, सेटिंग मी बंद केली होती."