रंभाबाई टीव्हीवर गेल्या तेव्हा

हळदीच्या मांडवात रंभाबाई लाटणं माइकसारखं धरून उभ्या राहिल्या, की भुकूम गावच्या बायका पोट धरधरून हसायच्या. पुढाऱ्यांच्या नकला करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक पुढारी वाक्यागणिक खोकायचा, दुसरा आश्वासन देताना आभाळाकडं बघायचा, तिसऱ्याचं तर ‘माता-भगिनींनो’च्या पुढं भाषण सरकतच नसे.

बाईंच्या चाळीत लातूरची ऋतिका भाड्यानं राहायची, हिंजवडीत नोकरी करायची. तिनं एका हळदीतला व्हिडिओ टाकला आणि तो गावोगाव पोचला. निवडणुकीचे दिवस होते. एका वृत्तवाहिनीनं बाईंना थेट चर्चेलाच बोलावलं. पडद्यावर नावाखाली पट्टी आली : राजकीय भाष्यकार.

ती पट्टी बाईंच्या डोक्यात गेली. नकला बंद झाल्या. शेजारणीनं विचारलं, “नळाला पाणी कदी येनार हाय?” तर बाई म्हणाल्या, “ह्याच्याकडं व्यापक दृष्टीनं बगाया पायजे.” नवऱ्यानं, एकनाथरावांनी, चहा मागितला, तर “आत्ता प्रतिक्रिया न्हाई” असं उत्तर आलं. बिचाऱ्यांनी स्वतःच आधण ठेवलं.

मग धाकट्या जावेच्या, शारदाच्या, मुलीची हळद आली. वैष्णवी पाटावर बसली, बायका बाईंकडं आशेनं बघू लागल्या. बाईंनी घसा साफ केला. “लोकशाहीपुढं आज लई गंभीर आव्हानं हायेत...” भाषण लांबत गेलं. कुणी बांगड्या मोजू लागल्या, कुणी भात बघायला उठल्या.

शारदाला राहवेना. तिनं लाटणं उचललं, मान ताठ केली आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाली, “मला टीव्हीवाल्यांनी इचारलं, बाई, देश कुटं चाललाय? मी म्हन्लं, थांबा, आदी माजी पैठणी नीट दिसतीया का बगा!”

एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. सगळ्यांच्या नजरा बाईंवर. बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या.

“शारदे, मान आजून वर कर की! म्या लई वर करत हुते!”

“आक्का, आजून वर केली तर मांडवाला लागंल!”

मग कुणी कुणाला आवरेना. शारदा रंभाबाई झाली, रंभाबाई निवेदिका झाल्या आणि तिला एक शब्द पुरा बोलू देईनात. हसून हसून वैष्णवीच्या गालावरची हळद तडकली.

पुढं वाहिनीचा परत फोन आला. बाई म्हणाल्या, “येते. पन जावबाईला घिऊन येनार, आन चर्चा न्हाई, नकलाच करनार.” वाहिनीवाल्यांनी चालेल म्हटलं. आता पौडपासून उरवड्यापर्यंत दोघींना हळदीची बोलावणी येतात. रिक्षात बसल्यापासून, आधी कुणी उभं राहायचं यावरून त्यांचं भांडण सुरू होतं, आणि रिक्षावाला मुद्दाम सावकाश चालवतो.