टाकीला किती रंग लागतो

सापगावच्या घराजवळची सिमेंटची गोल टाकी रंगवायची होती. वाडीतला रंगारी टाकी बघून म्हणाला, "बाई, सात डबे लागतील."

मला लगेच संशय आला. मी शाळेत गणित शिकवते. त्रिज्या साडेतीन फूट, उंची सहा फूट. वक्रपृष्ठफळ एकशे बत्तीस चौरस फूट. त्याला पाच डबे पुरेत. उरलेले दोन हा घरी नेणार, असं मनाशी धरून मी पाचच आणले.

त्याने वाद घातला नाही. मी मात्र खिडकीतून नजर ठेवली. तो हात धुवायला गेला तेव्हा त्याची पिशवीही चाचपली. आत फक्त भाकरी होती.

दुपारी त्याने हाक मारली. "पाच संपलं. आता वरचा कसा करू?"

"वरचा कुठला?"

"झाकन नाय का, बाई?"

एकूण पृष्ठफळ काढताना वर्तुळ विसरू नका, असं मी दरवर्षी मुलांना बजावते. मान खाली घालून मी त्याला सगळं सांगितलं, पिशवीचंसुद्धा. मग शहापूरहून आणखी दोन डबे आणले.

तो रागावला नाही. टाकी नीट रंगवून दिली. पण त्या दिवशी माझा चहा त्याने घेतला नाही.