तबकडी कुणाच्या हातची?

नवं फाटक असो की जिन्याचा कठडा, फोरमनसाहेब आधी वेल्डिंगच्या जोडावरून अंगठा फिरवायचे आणि विचारायचे, "कुणाचा हात आहे हा?" माझ्या भोपाळच्या अवधपुरीतल्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी जेवणाआधी गच्चीचा दरवाजा तपासला, मला वेल्डरला फोन लावायला लावला आणि त्याला म्हणाले, "भैया, काम अच्छा है. बस दाहिने कोने में जल्दी कर गए." मग पानावर बसले.

कारखान्यात मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या चिडण्याची चार लोक नक्कल करतात. मीही करायचो.

ट्रेनिंगसाठी ते एकदा सहा महिने जर्मनीला गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरनं त्यांना रविवारी एका डोंगरातला बोगदा दाखवला. दुसऱ्या महायुद्धात तिथं कैद्यांकडून रॉकेटं बनवून घेत.

"तिथंच काम, तिथंच झोपायचं," साहेबांनी मला सांगितलं होतं. "मुद्दाम काम बिघडवलं असा संशय आला, की फाशी. क्रेनला. आपल्या शॉपमध्ये आहे ना, तसलीच क्रेन." परत आल्यावर कित्येक दिवस ते क्रेनच्या हुकाकडे मान वर करून बघत नव्हते. कारण फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळानं एक वक्ता बोलावला. विषय, जर्मनांची गुप्त शस्त्रं. पडद्यावर उडत्या तबकड्या आल्या, गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारं घंटेच्या आकाराचं यंत्र आलं, बर्फाखालचा छुपा तळ आला. शेवटी तो म्हणाला, हे सगळं ज्ञान त्यांनी आपल्याच पोथ्यांतून नेलं. टाळ्या थांबेनात.

साहेब उभे राहिले. ज्या स्टेजवर तो वक्ता उभा होता, त्याचा लोखंडी सांगाडा त्यांनीच जोडलेला.

"ही तबकडी कुणी बनवली?"

"जर्मन शास्त्रज्ञांनी, काका."

"शास्त्रज्ञ रिव्हेट मारत नाहीत. तुमची तबकडी खोटी आहे. रॉकेट खरं होतं, आणि ते उपाशी कैद्यांनी बनवलं. त्यांच्याबद्दल एक वाक्य बोला. मेलेल्यांच्या छातीवर जत्रा भरवलीत तुम्ही. तीही गॅसकांडाच्या या भोपाळात."

कोणीतरी खिदळलं. मागून एक तरुण म्हणाला, "अंकल, बैठ जाइए ना, बच्चे एन्जॉय कर रहे हैं." सचिव लगबगीनं आले आणि त्यांनी साहेबांना दंडाला धरून खाली बसवलं. पंच्याहत्तरीच्या माणसाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मोबाइल काढला आणि त्यात बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर सचिवांनी लिहिलं, पाहुण्यांचा अपमान झाला, माफी मागावी. साहेबांनी मागितली नाही. दिवाळी पहाटेला ते आले नाहीत, संक्रांतीलाही नाहीत. माझ्याशी रस्त्यात बोलायचे, पण फक्त हवापाण्याचं. फेब्रुवारीत साकेत नगरच्या हॉस्पिटलात ते वारले.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. सचिव म्हणाले, "जर्मन तंत्रज्ञान हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता."

माझं डोकं फिरलं. उठलो आणि सगळं सांगितलं. बोगदा सांगितला, क्रेन सांगितली. ज्यांनी त्यांना दंडाला धरून बसवलं ते इथंच बसलेत, हेही सांगितलं. आवाज चढला होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

बाहेर चपलांपाशी वहिनी भेटल्या. साहेबांच्या पत्नी. मला वाटलं, आता डोळे पुसतील, दोन शब्द बोलतील.

"छान बोललात," त्या म्हणाल्या. "गणपतीत बोलायचं होतं. तेव्हा ते होते ऐकायला."

मी गाडीनं घरी सोडतो म्हणालो. फाटकापाशी जाऊन त्यांनी ऑटोला हात केला.