जुन्या लॉकमधून नव्या सिस्टिममध्ये

कंपनी जुनी झाली की खुर्च्या मोडतात, माणसं सोडून जातात, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्याकडे तर कामापेक्षा किस्सेच जास्त निघाले!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळांचे निकाल छापणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. जळगावात मालक भाऊ, वैशाली इंगळे आणि मी. धुळ्याच्या शाखेत एकटे नाना, वयाने सगळ्यांत मोठे, बोलणं अहिराणी. फोनची लाइन खुशीत असली की ते मोडेमवरून आम्हाला जोडले जायचे. प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच, जळगावच्या मशीनवर. ज्याला फाइल बदलायची, त्याने तिला लॉक लावायचं. तो लॉक काढेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं बघायचं. बघण्यात आम्ही तरबेज होतो!

*

एकदा नाना मुख्य फाइलला लॉक लावून भाचीच्या लग्नाला चाळीसगावला गेले. इकडे अमळनेरच्या एका शाळेचा निकाल अडकला. भाऊंनी लग्नघरी फोन लावला.

"नाना, लॉक राहिलंय!"

"अहो, आठे मांडवमां हळद लागी राहिनी!"

"मग पासवर्ड तरी सांगा."

पलीकडे सनई वाजत होती. मग नाना म्हणाले, "वैशालीले द्या ना फोन."

"मी काय परका आहे? सांगा!"

नानांनी आवाज खाली आणला. "खडूसभाऊ. जोडून लिहा."

भाऊंनी स्वतःच्या हाताने टाइप केलं. लॉक उघडलं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी जाहीर केलं, "ही सिस्टिम बंद! नवी आणायची!"

*

नव्या सिस्टिममध्ये लॉकच नव्हतं. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलायची, मशीन दोघांचं काम एकत्र करणार. भाऊंनी नानांना फोनवर तासभर समजावलं.

"आनि दोघांनी एकच ओळ बदली त?"

"मग मशीन थांबतं. तुम्ही आपसात ठरवायचं."

"म्हंजे भांडन आपनच करानं? मंग मशीन कशाले?"

भाऊंनी लाइन खराब आहे सांगून फोन ठेवला.

*

आधी रंगीत तालीम झाली. कोणी, कधी, काय बदललं हा सगळा इतिहास वैशालीने नव्या सिस्टिममध्ये उतरवून बघितला. प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहायचा आमचा कडक नियम होता, आणि आम्ही तो पाळलाही होता. एका ठिकाणी, "भाऊंनी सांगितलं म्हणून." त्याच्याच खाली, "भाऊ नाही म्हणाले म्हणून."

नानांची नोंद त्याहून भारी. धुळ्याच्या कॉम्प्युटरची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो रोज सकाळी १ जानेवारी १९८० पासून सुरू व्हायचा. नव्या सिस्टिमच्या मते नानांनी सगळं आयुष्यभराचं काम त्या एका दिवसात उरकलं होतं!

भाऊ तडकले. नाना शांतपणे म्हणाले, "मी तव्हाच करी ठेवेल व्हतं. तुम्हीच उशिरा मांगं!"

*

मग मुहूर्ताचा दिवस. नारळ फुटला, पेढे वाटले. कोणी मागे वळू नये म्हणून भाऊंनी जुनी सिस्टिम आमच्यासमोर पुसून टाकली. बॅकअपच्या फ्लॉप्या नव्या कामासाठी त्यांनी आधीच फॉरमॅट केल्या होत्या. शिस्तच तशी!

वैशालीने हळूच विचारलं, "भाऊ, प्रोग्रॅम नव्यात आणला कोणी? तालीम झाल्यावर मी तर तिथलं सगळं काढून टाकलं होतं."

पेढा भाऊंच्या हातातच राहिला. शाळांचे निकाल दहा दिवसांवर आलेले.

फोनवर नाना म्हणाले, "बठ्ठं गयं? सगळंच?" आणि मग कबूल केलं, की प्रोग्रॅम ऑफिसबाहेर न्यायचा नाही हा नियम मोडून ते फैजपूरच्या एका शाळेत, तिथल्याच कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करायचे. तिथे पूर्ण प्रत होती!

आम्ही तिघं पहिल्या एसटीने फैजपूरला. हेडमास्तरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "प्रत देतो ना. पण आमच्याकडे दाखला हरवला तरी डुप्लिकेटसाठी पोलिसांत नोंद लागते. नियम सगळ्यांना सारखा."

गेलो पोलिसांत. हवालदाराने कागद घेतला.

"काय हरवलं?"

"सोर्स कोड," भाऊ म्हणाले.

"रंग?"

"रंग नसतो त्याला."

"बरं. शेवटचं कोणी पाहिलं?"

भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही खिडकीबाहेर. "मी," ते म्हणाले.

हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. "मग पहिला संशय तुमच्यावर, तुम्ही बसा इथं. बाकीचे नोंद घेऊन शाळेत जा, प्रत घ्या."

आम्ही प्रत घेऊन निघालो.