ताडपत्रीखालचा खोकला

भिंगरी हे नाव तिला आमच्या गटातल्या मुलांनी ठेवलं. वय एकोणीस. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी झटकायचं, घड्या घालायचं काम करायची आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्याकडे यायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या एका खोलीत, लढाईमुळे देश सोडून आलेली सात मुलं आपल्याच आयुष्यावर श्रुतिका बसवत होती. मी पूर्वी रेडिओवर होते, म्हणून त्यांना शिकवायला मी.

सगळी बसली तरी ही उभी. खिडकीपाशी जा, परत ये, वायर गुंडाळ, पुन्हा सोड.

"अगं, टेक की जरा," मी म्हणायचे.

"बसले की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, ताई."

स्वतःचं काही सांगणार नाही, या अटीवरच ती आली होती. आवाज तेवढे करीन म्हणाली, आणि आवाज मात्र असे करायची की ऐकत राहावं. पंख्याच्या पात्याला पुठ्ठा लावून ट्रकचं इंजिन, ओली चादर झटकून वाऱ्यावरची ताडपत्री.

सरहद्द ओलांडायचा प्रसंग आमच्या चष्मेवाल्या प्रोफेसरानं लिहिला. तोही गटातलाच, वीस वर्षांचा. त्यानं ट्रकमध्ये गोळ्या, किंकाळ्या, सगळं घातलं होतं. वाचन चालू असताना भिंगरी एकदम उसळली.

"ट्रकमध्ये कोणी ओरडत नाही. ओरडलं की संपलं."

मग येरझाऱ्या घालत घालत तिनं सांगितलं. भर दुपार. कांद्याच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली नऊ माणसं. ती अकरा वर्षांची, धाकटी बहीण तीन वर्षांची आणि खोकल्यानं बेजार. चौकीवर ट्रक थांबला, बुटांचा आवाज जवळ आला, आणि आईनं धाकटीच्या तोंडावर हात दाबला. ट्रक सुटल्यावर हात काढला तर पोर निळी पडलेली. पाठीवर थापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं रडली.

"आता अकराची आहे. तोंड मिटत नाही तिचं. पण आईनं त्या दिवसापासून तिला हातानं घास भरवला नाही. वाटी माझ्याकडे सरकवायची."

आम्ही तो प्रसंग तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केला. अंगावर काटा यावा असा झाला. मलाही मोह पडला, खोटं कशाला बोलू! आईला विचारलंस का, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. रविवारी इथल्या रेडिओवर श्रुतिका लागणार होती.

तो आठवडा भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून चारदा फोन. "ताई, माझं नाव येणार नाही ना? आवाज ओळखू येतो का?" शेवटी गुरुवारी तिनं घरी सांगितलं. आई शिलाईचं काम करायची. तिनं मशीन थांबवलं.

"म्हणजे चार लोकांत मी पोरीच्या जिवावर उठलेली बाई?"

"तसं नाही गं, आई..."

"हात माझा होता. तू कोण सांगणारी?"

शुक्रवारी ती धापा टाकत जिना चढून आली. "ते काढून टाका."

प्रोफेसराचा पारा चढला. "दोन महिने मरमर केली! परवा लागणार आहे!"

"माझ्या आईचं आहे ते. माझं नाही."

खरं तर मीही चिडले होते. भिंगरीनं खोलीला दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि गादीकडे तोंड करून उभी राहिली. "माइक चालू करा. माझं सांगते."

आईनं तिच्या हातात मधाची बाटली दिली होती. खोकल्याची उबळ आली की धाकटीच्या जिभेवर बोट टेकव, एवढंच तिचं काम. आणि चौकी यायच्या आधी भिंगरीलाच झोप लागली. जाग आली ती थापट्यांच्या आवाजानं, बाटली तशीच मुठीत. आधीचं सगळं तिनं मागाहून ट्रकमधल्या माणसांकडून ऐकलेलं. "मी जागी असते तर तशी वेळच आली नसती," ती म्हणाली. नवीन प्रसंगात आईचा हात नव्हता. झोपलेल्या मुलीचा श्वास, खोकला आणि जवळ येणारे बूट, एवढंच.

रविवारी सकाळी तिघींनी घरी ऐकलं. आई मशीनवर पाठमोरी बसली होती, पण मशीन बंद होतं.

"ती खोकणारी मी?" धाकटीनं विचारलं. "शी, मी इतकं घाण खोकत नाही!" आणि ती खेळायला पळाली.

आई वळली नाही. "तू झोपलीस ते मला दिसलं होतं."

"मग उठवलं का नाहीस?"

"तीन दिवसांनी डोळा लागला होता तुझा. म्हटलं, निदान एकीला तरी..." पुढचं तिनं गिळलं आणि मशीन सुरू केलं.

हे सगळं भिंगरीनं मला नंतर सांगितलं, तेही जिन्यात उभ्या उभ्या, एक पाय खालच्या पायरीवर. "वाटलं होतं, सांगून टाकलं की सुटेन. तसं काही झालं नाही, ताई. झोप अजून लागत नाही."

ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"आई विचारत होती, तुमच्याकडे मोठ्या माणसांना बोलू देतात का?"

"देतो म्हणावं. कधीही या."

महिना झाला. तिची आई अजून आलेली नाही.