मेव्हिस कोर्टात हजर होती

मेव्हिस हॅलिवेलची आणि माझी ओळख मासळीच्या कारखान्यातली. लँकेशरच्या किनाऱ्यावरचं आमचं बंदर तेव्हा भरात होतं. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून दिवसभर माशांचे काटे काढायचो. एकदा तिचा अंगठा सुरीने पार हाडापर्यंत कापला. तिने फडकं गुंडाळलं, हातातलं खोकं भरून संपवलं आणि मग मुकादमाला म्हणाली, "सवड झाली की जरा बघता का?" अशी ही बाई. रांगेत कुणी पुढे घुसलं तर हीच माफी मागणार. आमच्याकडे सगळेच थोडेफार असे, पण मेव्हिसने हद्द केली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तिची लेक डॉना नशेच्या नादी लागली. डॉनाच्या टोबीला, तीन वर्षांच्या पोराला, सरकारी माणसं घेऊन गेली आणि दुसऱ्या घरी ठेवलं. नेलं त्यात त्यांची चूक नव्हती, मेव्हिससुद्धा तेच म्हणते. पण पुढे त्याला कायमचं दत्तक द्यायचं घाटू लागलं, तेव्हा ती अडून बसली. आजी धडधाकट आहे, खोली रिकामी आहे, पोराला तिची सवय आहे, मग परक्यांना कशाला? टोबीचं प्रकरण बघायला सरकारने नेमलेली बाई तोवर तीनदा बदलली होती, आणि तिसरीने मेव्हिसचं तोंडही पाहिलं नव्हतं. शेवटी कोर्टाने तारीख दिली. आजीच्या घराचा विचार करायचा की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. वकील नव्हता. तिचं तिनेच बोलायचं होतं.

मी बरोबर जाणार होते, पण माझा गुडघा ऐनवेळी सुजला. मेव्हिस एकटीच गेली, मयतीला घालायचा काळा कोट घालून. दारावर लॉयड नावाचा रखवालदार पिशव्या तपासतो. तिच्या पिशवीत टोबीचा अर्धा विणलेला स्वेटर होता. लॉयडने सुया काढून ठेवून घेतल्या. मग थर्मास उघडायला लावला आणि एक घोट प्यायला सांगितलं. ॲसिड नाही ना, हे बघायची त्यांची ती रीत. मेव्हिसने घोट घेतला आणि झाकणात ओतून त्याच्यापुढेही धरला. सकाळपासून उभा होता बिचारा. त्यालाही चहा कुणी विचारला नव्हता.

खिडकीवरच्या मुलीला तिने नाव सांगितलं. मुलगी म्हणाली, दुसऱ्या मजल्यावर बसा, बोलावतील. मेव्हिस बसली.

लेकराबाळांच्या खटल्यात तिथे नावं मोठ्याने पुकारत नाहीत, लोकांना कळू नये म्हणून. पट्टेवाली यादी घेऊन हळूच विचारत फिरते. त्या दिवशी मेव्हिसचा खटला सकाळीच चौथ्या मजल्यावर हलवला होता. खिडकीवरच्या मुलीने वर कळवलं नाही आणि वरच्यांनी खाली पाहिलं नाही. पट्टेवालीने चौथ्या मजल्यावर दोन चकरा मारल्या. न्यायाधीशबाई थोडं थांबल्या आणि मग लिहिलं गेलं: आजी गैरहजर. आजीला रस दिसत नाही. आणि ही बाई बरोबर दोन मजले खाली, गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर धरून बसलेली. बोलावलं तर चुकामूक नको म्हणून मोरीकडेही गेली नाही.

"अगं, एकदा उठून विचारायचं तरी," मी तिला नंतर म्हटलं.

"कामात होते गं ते."

संध्याकाळी झाडणारा माणूस मशीन घेऊन आला, तेव्हा हिने पाय वर उचलले आणि त्याची माफी मागितली. त्याने वर विचारून सांगितलं, तेव्हा खटला सकाळीच आटोपल्याचं तिला कळलं. तशीच घरी आली, सुयासुद्धा मागायच्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खिडकीवर गेलो. काय करायचं, विचारलं. मुलीने तक्रारीचा कागद पुढे सरकवला. आम्हाला वाटलं, तक्रार केली की पुन्हा तारीख मिळते. मी चौथीत असल्यासारखी जीभ बाहेर काढून अक्षरं काढली. पहिली ओळ मेव्हिसने सांगितली, "आपल्याला त्रास देत आहे, माफी असावी." मी म्हटलं, अगं, त्रास कुणी कुणाला दिलाय? पण तिने ती ओळ खोडू दिली नाही.

आठवडे गेले. पहिलं उत्तर आलं, की आपण हजर असल्याची आमच्याकडे नोंद नाही. आम्ही लॉयडकडे गेलो. तो भला माणूस, लगेच म्हणाला, मी सांगतो, बाई सकाळीच आल्या होत्या, त्यांच्या सुया अजून माझ्याकडे आहेत. त्यावर उत्तर आलं, की रखवालदार ठेकेदाराचा माणूस आहे, कोर्टाचा नाही. दारावर त्याने सांगितलं म्हणून अख्खं गाव चहाचे घोट घेतं, पण त्याने डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही.

आम्ही वरच्या साहेबांना लिहिलं. तोवर झाडांची पानं गळून गेली. आणि मग आलं एक गुळगुळीत पत्र. तक्रार मान्य आहे. आपण इमारतीत होता. आमच्याकडून चूक झाली. आपल्याला जे वाटलं त्याबद्दल खेद आहे. मात्र तक्रारीमुळे निकाल बदलत नाही, त्यासाठी तीन आठवड्यांत अपील करायला हवं होतं. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?

मेव्हिस खिडकीवर गेली आणि म्हणाली, "मी विचारलं होतं ना, काय करायचं? मग अपिलाचं का नाही सांगितलं?"

"आम्हाला सल्ला द्यायची परवानगी नसते," मुलगी म्हणाली. तक्रारीचा कागद मात्र द्यायची होती.

टोबी गेला. कुठे ते सांगत नाहीत. वर्षातून एक पत्र पाठवता येतं, तेही आधी कुणीतरी वाचतं. दुःख आपल्या जागी. पण मला आजही ओकारी येते ती त्या "मान्य आहे"ची. अंगठा कापला हे मान्य, आणि कापणाऱ्याने पुसून सुरी जागेवर ठेवली.

मला वाटलं, आता ही बाई अंथरूण धरणार. तर मंगळवारी कोट घालून निघाली. कोर्टात. इमारतीत कुणालाही जाता येतं, लॉयडसमोर घोट घेतला की झालं. तेव्हापासून दर मंगळवारी जाते आणि दुसऱ्या मजल्यावर बसते. मध्यंतरी कोर्टाकडून पत्र आलं, की आपल्या वावरामुळे कर्मचाऱ्यांना अडचण होते. म्हणजे आता त्यांचीच तिच्याबद्दल तक्रार. मेव्हिसने मला एकच ओळ लिहायला लावली, "आपल्याला जे वाटलं त्याबद्दल खेद आहे." आणि मोठा थर्मास घेतला.

गेल्या मंगळवारी मीही गेले. बापाचा असावा असा टाय बांधलेला एक थोराड माणूस कोपऱ्यात बसला होता, हात मांडीवर. मेव्हिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वरच्या पट्टेवालीबाईंना नाव दिलंत?"

"बसायला सांगितलंय मला. बोलावतील."

"मलाही सांगितलं होतं," मेव्हिस म्हणाली. "उठा."

तो घुटमळला. "ते कामात असतील हो."

"असू देत," असं म्हणून तिने त्याची बाही धरली आणि त्याला जिन्याकडे नेलं.